ऊस आणि विहिरीमधली अडीच फूट वाट

मुलांना शिकवून तुम्हाला काय मिळालं, असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगते. मला राग मिळाला. राग आधीही होता, पण सुटा होता. दूध नासलं की दुधावर, वीज गेली की विजेवर. तो नेमका कुठे ठेवायचा हे मला चौथीतल्या एका मुलीने दाखवलं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी हात गरम होतो.

जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव राजुरीपासून फार लांब नाही. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाजूला. तिथे वडिलांची लाकडाची वखार होती आणि मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय मला वखारीतली. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शाळेच्या समितीवर एक बाई हवी असा नियम आला आणि माझं नाव घातलं गेलं. बाईने येऊन सही करावी आणि चहा होईपर्यंत बसावं, एवढीच अपेक्षा होती. पण शाळेत चार वर्गांना दोनच गुरुजी. त्यातले मोठे गुरुजी एकदा म्हणाले, "वहिनी, शनिवारचा शेवटचा तास घ्याल का? सुरक्षेचा तक्ता आलाय वरून. आमाला वेळच व्हत नाय." मी हो म्हणाले.

तक्ता छान रंगीत होता. विहिरीजवळ जाऊ नये. विजेच्या तारांना हात लावू नये. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहावं. शेवटी गुरुजींनी स्वतः निळ्या पेनने एक ओळ वाढवली होती: उसाजवळून जाऊ नये. कारण त्या वर्षांत आमच्याकडे उसात बिबटे फार झाले होते. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. शेळ्या जात होत्या, कुत्री जात होती आणि पलीकडच्या एका गावात एक लहान मूल गेलं होतं. त्या बातमीनंतर संध्याकाळी दिवे लागायच्या आत प्रत्येक आई आपलं पोर घरात ओढून घ्यायची.

पहिल्या तासाला मी तक्ता वाचून दाखवला. शेवटी विचारलं, "कळलं का सगळ्यांना?" सगळ्यांनी तालात "हो" म्हटलं. एका मुलीने हात वर केला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, सावळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते.

"काकू, उसापासून लांब चालायचं का विहिरीपासून?"

"दोन्हीपासून," मी म्हणाले.

"मंग पाय कुठं ठिवायचं?"

मुलं हसली. मी हसले नाही, कारण ती कोणत्या जागेबद्दल बोलते आहे हे मला माहीत होतं. वस्तीवरून आणि मळ्यांतून शाळेत यायला एकच जवळची वाट होती, गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या बांधावरून. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. त्या वाटेच्या एका अंगाला तात्यांचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला तात्यांची विहीर. विहिरीला कठडा नाही. जमीन संपते आणि खड्डा सुरू होतो.

शाळा सुटल्यावर मी टेप घेऊन तिथे गेले. विहीर तीस फूट रुंद, पन्नासच्या आसपास खोल. तोडणी झालेली असली तर वाट चार फूट. ऊस वाढून वाटेवर झुकला की अडीच. अडीच फुटांत दोन पोरं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. खाली वाकून पाहिलं तर विहिरीची कड आतून पोखरलेली, वर गवताची साय आणि खाली पोकळी. काठाला समांतर एक भेग गेलेली, माझं बोट आत जाईल एवढी. मी बोट घातलं आणि लगेच मागे सरले.

त्या दिवसापासून मी तक्ता गुंडाळून ठेवला. तासाला एकच शिस्त ठेवली: 'का' विचारल्यावर ज्या नियमाला उत्तर नाही, तो फळ्यावर लिहायचा नाही. मुलांना ही शिस्त इतकी आवडली की आवरेनात. गल्लीतल्या रोहित्राच्या पेटीचं दार कायम उघडं का? फ्यूज उडाला की वायरमनची वाट न बघता आपले लोक त्यात जाड तार का घालतात? मग तार न जळता काय जळतं? उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि एकीलाही मागचा दिवा नसतो, तर टेपवर गाणी वाजवायला वीज कुठून येते? हा शेवटचा प्रश्न तिसरीतल्या एका पोराने विचारला. मी घरी येऊन यजमानांना सांगितला तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

सगळ्यांना हे आवडत नव्हतं. एकदा दळण घेऊन परत येताना शेजारच्या आळीतल्या एका आजोबांनी मला रस्त्यात गाठलं. "तुमच्या तासानं आमचं नातू बिघडलं, सूनबाई. काल पेटीत तार घालाय निघालो तर दारात आडवं झालं. म्हनं, आजा, आधी सांग काय जळंल!"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगनार? वायरमनला निरोप धाडला. रातभर अंधारात बसलो."

"पण बसलात ना?" मी म्हणाले. ते पुटपुटत गेले. मला शनिवारच्या तासाचा कधी पगार मिळाला असेल तर तो हाच.

विहिरीचं मात्र काही होईना. मी तात्यांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि मुलीच्या लग्नाचा अल्बम दाखवला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते आणि त्यामुळेच जास्त चिडते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"वहिनी, कठड्याला माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पर यारीचं काय?"

यारी म्हणजे विहीर खोल करताना दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. लोखंडी पायांवर उभं राहतं, लांब हात विहिरीवर जातो आणि दोराला मोठी बादली. आमच्याकडे दर दोन-तीन उन्हाळ्यांनी पाणी खाली जातं, मग शेतकरी विहीर आणखी पाच-दहा फूट खोल करतो. यारी अगदी काठावर बसवावी लागते. कठडा बांधला तर तो पाडून यारी बसवायची, काम झालं की पुन्हा बांधायचा. म्हणून आमच्या भागातली विहीर कधी पुरी होत नाही. कायम पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत उघडी पडलेली असते.

हे मला पटलं. मलाच काय, ग्रामसभेत सगळ्यांना पटलं. तिथे मी उभी राहिले, वाटेची मापं सांगितली, भेग सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, लई टेन्शन घेता राव!" सभा हसली. तात्यांनी यारीचं कारण सांगितलं आणि माना डोलल्या. "एवढ्या वर्षांत पडलंय का कोन?" कुणी विचारलं. सरपंच म्हणाले, पोरांना सडकेनं पाठवा. ती सडक म्हणजे दिवे नसलेल्या त्याच ट्रॉल्यांची. ठराव झाला तो असा: पालकांनी मुलांना समज द्यावी.

समज! ज्यांना समज होती त्यांनाच समज द्यायचा ठराव. मी घरी आले आणि भांडी इतकी आपटली की एका ताटाला पोचा आला. तो अजून आहे.

अशीच दोन-अडीच वर्षं गेली. प्रश्न विचारणारी मुलगी दुसरीत होती ती चौथीत आली. मुलांना मी रांगेत, जोडीतलं एक पाऊलभर मागे ठेवून चालायला शिकवलं, लहान आत आणि मोठी कडेला. कडेला म्हणजे कोणत्या कडेला, हे त्यांनीच वाद घालून ठरवलं. ऊस लहान असला की मोठी मुलं विहिरीकडे आणि उंच झाला की उसाकडे. आठ-नऊ वर्षांची पोरं कोणत्या मरणाकडे कुणी चालायचं याची वाटणी करत होती आणि गाव म्हणत होतं, पडलंय का कोण.

मग हिवाळ्यातल्या एका शनिवारी तात्यांच्या विहिरीत बिबट्या पडला.

सकाळच्या शाळेतच बातमी आली. मी मुलांना तिकडे नेणार नव्हते. पण शाळा सुटली तरी वस्तीवरच्या आणि मळ्यातल्या मुलांना त्याच वाटेने घरी जायचं होतं. गर्दीत पोरं एकटी सोडण्यापेक्षा मी त्यांना रांगेत घेऊन निघाले. ठरवलं की लांबून, उसाच्या टोकाला वळसा घालून जायचं.

तिथे जत्रा भरली होती. पिंपळवंडीपासून लोक मोटारसायकलींवर आले होते. भेळवाला आला होता. ज्या काठावर माझ्या पोरांना पाऊल ठेवायला जागा नव्हती त्या काठावर लोक तीन-तीन रांगांत उभे होते आणि मागचे पुढच्यांच्या खांद्यावर रेलून खाली बघत होते. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. वनखात्याचे तीन-चार कर्मचारी घसा बसेपर्यंत ओरडत होते, "मागं सरा! मागं व्हा!" कुणी ऐकत नव्हतं. बिबट्या खाली मोटारीच्या पाइपाला धरून पाण्यात होता. आधाराला त्याच्यासाठी दोराने एक बाज सोडली होती.

मी मुलांना तालीवर, म्हणजे उसाच्या पलीकडच्या उंच बांधावर थांबवलं. तिथून सगळं दिसत होतं. तेवढ्यात काठाचा एक तुकडा सुटला. टोपलीभर माती असेल, दोन दगड. धप्पकन पाण्यात पडले. बिबट्या गुरगुरला आणि शे-दोनशे माणसं किंचाळत मागे पळाली. क्षणभर काठ मोकळा झाला. मग कुणीतरी हसलं, कुणी शिट्टी मारली आणि सगळे पुन्हा पुढे आले, त्याच जागेवर, जिथून माती सुटली होती.

"काकू," ती मुलगी म्हणाली, "माती पडली म्हनून पळाले का वाघ वरडला म्हनून?"

"वाघ ओरडला म्हणून."

"पर वाघ तर खाली हाय."

मी मुलांची डोकी मोजायला लागले. बोलले असते तर मुलांसमोर बोलू नये असं बोलले असते.

पिंजरा खाली सोडायला यारी हवी होती. शेजारच्या मळ्यात एक काम चालू होतं, तिथली ट्रॅक्टरला जोडून आणली. यारीवाल्याने जागा शोधली नाही, इकडेतिकडे बघितलंही नाही. सरळ पूर्वेच्या अंगाला गेला. तिथे खडक वर आलेला होता आणि यारीचे पाय बसायला त्यात जुने खड्डे होते. पाय खड्ड्यांत बसवले, तारा ताणल्या. पिंजरा खाली गेला. बराच वेळ काही झालं नाही, मग बाजेवरून बिबट्या पिंजऱ्यात शिरला, दार पडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंजरा वर आला तेव्हा ते जनावर भिजून मांजराएवढं झालेलं दिसत होतं. त्याला गाडीत घालून नेलं. वनखात्याच्या माणसांनी आपलं काम चोख केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

गर्दी पांगायला लागल्यावर मी मुलांना खाली उतरवलं. तात्या काठावर उभे होते, खुशीत. दिवसभर लोक त्यांच्या विहिरीला आले होते. ती मुलगी रांग सोडून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तात्या, यारी कुठं लावता?"

"आँ? ही काय हितं. बघितलं न्हाईस?"

"दरवेळी हितंच?"

"हितंच. खडक हाय ना. दुसरीकडं कुठं पाय धरत्यात?"

"मंग आमच्या वाटंच्या अंगाला कठडा का नाय?"

आसपास पंधरा-वीस माणसं होती. मी खडकाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. पूर्व आणि पश्चिम. मध्ये तीस फूट विहीर. यारी कधीच वाटेच्या बाजूला बसली नव्हती, बसूच शकत नव्हती. तिकडे भुसभुशीत माती होती. मी टेप घेऊन तो काठ मोजला होता, सभेत मापं सांगितली होती आणि यारीचं कारण ऐकून गप्प बसले होते. सरपंच गप्प बसले होते, गुरुजी गप्प बसले होते, प्रत्येकाच्या रानात विहीर होती आणि प्रत्येकाला माहीत होतं यारी कुठे बसते. गोलाच्या एका बाजूला अडचण, म्हणून अख्खा गोल उघडा!

तात्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "कुनाची गं तू?"

आमच्याकडे अवघड प्रश्नाला हे उत्तर असतं. विचारणारा कुणाचा, कोणत्या आळीचा, ओढ्याच्या अलीकडचा की पलीकडचा. ते कळलं की प्रश्नाचं काय करायचं ते ठरतं. पोरीला त्यातलं काही कळलं नसावं. किंवा सगळं कळलं असावं.

"चौथीची," ती म्हणाली.

यारीवाला फिस्सकन हसला. मग भेळवाला. मग सगळेच.

तात्यांनी कठडा बांधला असं वाटेल. नाही बांधला. "बघू, ऊस गेल्यावर," म्हणाले. मी पुन्हा त्यांच्या घरी गेले आणि या वेळी खुर्चीवर बसले नाही. "भाऊजी, चहा नको. तारीख सांगा." त्यांनी तारीख सांगितली नाही. मी ओटीवर उभी राहून त्यांच्या सूनबाईंसमोर, गड्यासमोर जे बोलायचं ते बोलले आणि त्या आवाजात मी त्या घरात आधी कुणाशी बोलले नव्हते. त्याचा उपयोग काय झाला, तर गावात बोभाटा झाला की वहिनींचं डोकं फिरलंय.

काम केलं ते पोरांनी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी वाटेवर तात्या दिसले की रांगेतलं पहिलं पोर म्हणायचं, "नमस्कार तात्या, यारी कुठं लावता?" मग दुसरं. मग तिसरं. अगदी आदराने. तात्या खेकसले तरी उद्या पुन्हा. ते ऐकून गडी म्हणायला लागले. मग दूध डेअरीवर, कॅन ठेवता ठेवता कुणीतरी म्हणालं, "काय तात्या, यारी कुठं लावता राव?" तात्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन गेले तर तिथे निमगाव साव्याच्या पाव्हण्यांनी विचारलं. म्हणजे प्रश्न त्यांच्या आधी बाजारात पोचला होता.

माझ्या मापांनी, ग्रामसभेने, विहिरीत बिबट्या पडूनही जे झालं नाही ते चेष्टेने झालं. याचा मला आनंद झाला असं लोक समजतात. आनंद झालाच. पण एका लेकराच्या जिवापेक्षा डेअरीवरचं हसू जड असावं, हे मी गिळू शकले नाही, अजून गिळलेलं नाही.

ऊस तुटला आणि मिस्त्री आला. वाटेच्या बाजूने अर्धगोल, पोकळ कड तोडून मागे घेऊन, दगडी पायावर कठडा उभा राहिला. तात्या दोन फुटांवर थांबणार होते. मुलांनी मिस्त्रीला विचारलं, दोन फुटांवर माणूस बसतो का अडतो? मिस्त्रीने आणखी दोन थर चढवले आणि वरचा थर उतरता केला, बसता येऊ नये म्हणून. उसाची एक सरी मागे घ्यायला लावली आणि वाट पाच फुटांची झाली. मी मोजली.

मग गावाने कार्यक्रम ठेवला. विहिरीवर मांडव, हार, नारळ. सरपंच बोलले. तात्यांना शाल दिली. मुलांच्या काळजीपोटी त्यांनी स्वखर्चाने हे काम केलं, असा आदर्श सगळ्यांनी घ्यावा, असं सरपंच म्हणाले आणि मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. मुलांनी वाजवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले. माझ्याकडे दोनच शब्द नव्हते, पुष्कळ होते. पण समोर बसलेल्या त्या मुलीचा हात वर होता. मी म्हणाले, "माझ्याऐवजी हिला बोलू दे."

सरपंच म्हणाले, "घे, बोल बाळा. आभार मान तात्यांचं."

ती उभी राहिली. तात्यांकडे बघितलं नाही, मांडवाच्या कडेला बसलेल्या मिस्त्रीकडे बघितलं. "मिस्त्रीकाका, कठडा बांधाय किती दिवस लागलं?"

"चार," मिस्त्री म्हणाला. "पायाचं धरून."

मग ती सगळ्यांकडे वळली. "मंग आमी दुसरीत होतो तवापासून काय चाललं व्हतं?"

मांडवात पाय घासल्याचे आवाज आले. सरपंचांनी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी मुलांकडे, तात्यांनी शालीच्या टोकाकडे. कुणीतरी घाईघाईने नारळ फोडला आणि पाणी सगळीकडे उडालं. एकाने खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतले आणि पहिला तुकडा तिच्या हातात कोंबला. "खा गं, खा. झालं ना आता काम?"

तिने खोबरं हातात धरलं, खाल्लं नाही. लोक उठायला लागले, चपला शोधायला लागले. ती खाली बसली नाही. उत्तर यायचं बाकी आहे अशा चेहऱ्याने तिथेच उभी राहिली. मी व्यासपीठावरून उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.